शिकवणाऱ्याचं नाव करारात कुठे आहे?

अप्रेंटिसच्या, म्हणजे शिकाऊ उमेदवाराच्या, प्रश्नावर आपल्याकडे जो वाद चालतो, तो कित्येक वर्षं दोनच वाक्यांवर अडकून पडला आहे. एक बाजू म्हणते, कंपन्या शिकवण्याच्या नावाखाली पोरांना राबवून घेतात, तेव्हा विद्यावेतन वाढवा आणि मुदत संपली की कायम करा. दुसरी म्हणते, आजकालच्या इंजिनिअरांना पाना धरता येत नाही, हात काळे करायची तयारी नाही, पैसे मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. लोकांनी 'लाडका भाऊ' म्हणून तिचं बारसंही उरकलं. मुदत संपल्यावर त्यातल्या प्रशिक्षणार्थींनी नोकरीसाठी आंदोलनं केली आणि तीच दोन वाक्यं पुन्हा नव्या दमानं सुरू झाली. टीव्हीवर तीच, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तीच.

माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू चुकीच्या माणसाकडे बोट दाखवताहेत. एक मालकाकडे, दुसरी पोराकडे. या व्यवहारात तिसराही एक माणूस आहे. ज्याच्या शेजारी उभं राहून अप्रेंटिस काम शिकतो तो फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा फोरमन. शिकवण्यासाठी त्याला वेळ मिळत नाही, पैसे मिळत नाहीत आणि अप्रेंटिसच्या करारावर त्याचं नावही नसतं. त्याची व्यवस्था लागत नाही तोवर विद्यावेतन दुप्पट करा नाहीतर सरसकट सगळ्यांना कायम करा, वर्षाअखेरीस पोरगा होता तिथेच असेल. हे मी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यावरून सांगतो आहे, कारण माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्याच खात्यात गेली. आधी अप्रेंटिस म्हणून, नंतर ज्याच्याकडे अप्रेंटिस पाठवले जातात तो साहेब म्हणून. शिवाय शिकवणारा नसला की काय होतं, ते या खात्यात झाकून राहत नाही.

प्रॉडक्शनचं काम बरंचसं रोज तेच असतं, त्यामुळे बघून बघून निम्मं तरी अंगवळणी पडतं. मेंटेनन्सचं वेळापत्रक कागदावर असतं. मशीन आपल्या मर्जीनं बिघडतं. मोठा गिअरबॉक्स वर्षात एखादवेळी उघडतो, तोही बहुधा रात्री दोनला. त्या रात्री अप्रेंटिस जनरल शिफ्टला असला, किंवा असूनही त्याला ऐन वेळी स्टोअरमध्ये सामान आणायला पिटाळलं, की त्याच्या उमेदवारीतला तो धडा गेला. गिअरबॉक्सचं चित्र पुस्तकात असतं. पण तेलात लोखंडाचा चुरा किती दिसला म्हणजे घाबरायचं आणि किती दिसला म्हणजे नुसतं तेल बदलून गाडी पुढे न्यायची, हे चित्रात कसं येणार? ज्यानं असे गिअरबॉक्स उघडलेत, त्यानं त्या घडीला तोंड उघडलं तरच ते कळतं.

साधं पंपाचं अलाइनमेंट घ्या. कॉलेजात ते अर्ध्या पानाचं: पंपाचा आणि मोटरचा शाफ्ट एका रेषेत हवा. आमच्या खात्यात एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. नवा पोरगा डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचाल मोजणारं काट्याचं माप, घेऊन पुढे सरसावला की मामा गेज काढून घेत आणि हातात पाना देत. गेज स्वतःच मोटरच्या पायावर लावत. "हा एक पाय ढिला कर. बाकीचे तीन तसेच राहू दे." पोरगा बोल्ट सैल करायचा आणि गेजचा काटा टुणकन सरकायचा. "बघितलंस? पाय बेसवर टेकलेलाच नव्हता. बोल्टनं ओढून बसवलाय कुणीतरी. आता तू दिवसभर शिम घाल नि काढ, रीडिंग यायचं नाही." शिम म्हणजे पायाखाली घालायची पत्र्याची चकती. मग फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पात त्या फटीत चारही कोपऱ्यांतून सरकवून बघायची, कारण फट एका बाजूला जास्त असली तर सरळ शिम घालून भागत नाही. पातळ शिमांची चळत रचायची नाही, ती दाबली की स्प्रिंगसारखी होते. त्याऐवजी एखाददुसरा जाड शिम. आणि बेसवरचा गंज, जुना रंग आधी खरवडून काढायचा, नाहीतर ही सगळी मेहनत रंगावर उभी. एवढं झाल्यावर मामा विचारायचे, "पंपातून काय जातं? गरम की गार?" गरम असेल तर पंप चालू झाल्यावर तापून वर उचलला जाणार, म्हणजे थंड असताना सगळं तंतोतंत एका रेषेत आणणं हीच चूक. हे सगळं एका कामात, जेवणाच्या सुट्टीच्या आधी.

अडचण अशी की मामांना हेच काम एकट्यानं करायला त्याच्या निम्मासुद्धा वेळ लागला नसता. पोरगा पाना चुकीच्या बाजूनं लावतो, शिम कापताना बोट कापून घेतो, रीडिंग उलट वाचतो. तिकडे प्रॉडक्शनचा फोन वाजतच असतो, "पंप कधी देताय?" अशा वेळी फिटरनं काय करावं? शिकवलं तर उशीर त्याच्या नावावर लागतो. नाही शिकवलं तर कुणाच्याच नावावर काही लागत नाही. मेंटेनन्समध्ये प्रत्येक तासाचा हिशेब वर्क ऑर्डरवर, म्हणजे कामाच्या नोंदपत्रावर, चढतो. ब्रेकडाऊनला कोड आहे, बिघाडाआधीच्या प्रिव्हेंटिव्ह देखभालीला आहे, मोठ्या दुरुस्तीच्या शटडाऊनला आहे, मी पाहिलेल्या एका सिस्टीममध्ये तर हाउसकीपिंगलाही होता. शिकवण्याला कोड नव्हता. ज्या कामाला कोड नाही ते काम कंपनीच्या लेखी झालेलंच नाही, आणि तरीही मामांसारखी माणसं ते करत होती. आपली सगळी उमेदवारी अशा माणसांच्या भलेपणावर चालते आणि आपण तिला योजना म्हणतो.

विद्यावेतनाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पदवीधर अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन २०१९ मध्ये ९,००० रुपये ठरलं, डिप्लोमावाल्याचं ८,०००. त्यानंतर मुंबईत खोलीचं भाडं, खानावळ, लोकलचा पास आणि स्टेशनपासून कंपनीपर्यंतची शेअर रिक्षा यांचं काय झालं ते सांगायला नको. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं ३६ टक्के वाढीची शिफारस केली ती थेट २०२५ मध्ये. एवढ्या पैशांत विरारला किंवा बदलापूरला तिघांत खोली घेऊन राहणारा पोरगा घरून पैसे मागवतो, म्हणजे त्याच्या शिक्षणाचा खर्च अजून शेतावर किंवा बापाच्या पगारावरच पडतो. कायद्याच्या लेखी तो कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, म्हणून त्याला प्रॉव्हिडंट फंडही लागू नाही. तेव्हा वाढ झालीच पाहिजे, आणि तिला दरवेळी पाच-सहा वर्षं लागता कामा नयेत. पण किमान दरापेक्षा बरंच जास्त देणाऱ्या कंपन्यांतले अप्रेंटिसही मी पाहिले आहेत. त्यातले काही वर्षभर एसी ऑफिसात बसून साहेबाची प्रेझेंटेशनं करत होते आणि स्पेअर पार्टच्या याद्या एक्सेलमध्ये भरत होते. मुलगी असली तर तिची रवानगी हमखास प्लॅनिंगच्या टेबलावर, "तिथे सेफ आहे" म्हणून. यांचं शोषण झालं असं म्हणता येत नाही, पैसे वेळेवर मिळाले, चहासुद्धा मिळाला. मग झालं काय? वर्ष गेलं. विद्यावेतनाच्या भाषेत या नुकसानीला जागाच नाही.

कायम करण्याच्या मागणीचा प्रश्न जास्त अवघड आहे. २० मार्च २०१८ च्या सकाळी रेल्वेच्या अप्रेंटिसनी दादर-माटुंग्याच्या दरम्यान रुळांवर बसून मध्य रेल्वे काही तास बंद पाडली, हे अनेकांना आठवत असेल. थेट भरतीत २० टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत असं रेल्वेचं उत्तर होतं. आम्ही सगळे शिकलेले आहोत, सगळ्यांना घ्या, ही पोरांची मागणी होती. त्यांचा राग खोटा नव्हता. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डब्यांच्या बोगी आणि ब्रेक शिकलेल्याला रेल्वेबाहेर गिऱ्हाईक किती? कायदा मालकावर नोकरी देण्याची सक्ती करत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या एसटी महामंडळाच्या खटल्यात, बाकी सगळं सारखं असेल तर शिकून तयार झालेल्या अप्रेंटिसला बाहेरच्या उमेदवाराआधी प्राधान्य द्या असं सांगितलं, सगळ्यांना नोकरी द्याच असं मात्र तेही म्हणालं नाही. मला ही मर्यादा योग्य वाटते. उमेदवारी म्हणजे नोकरीच्या रांगेतला नंबर असं एकदा ठरलं की दोन गोष्टी होतात. मालक रांगच आखूड करतो, लागतील तेवढेच पोरगे घेतो. आणि रांगेत उभा असलेला पोरगा मशीनकडे बघायचं सोडून पुढे किती जण आहेत ते मोजत राहतो. साहेबाला दुखवायचं नाही, युनियनला धरून राहायचं, अवघड कामात हात घालून बिघडवायचं नाही. बिघडवायला घाबरणारा पोरगा मेंटेनन्स कसा शिकणार?

आता मालकांची बाजू. ती वर्तमानपत्रांत जशी मांडली जाते तितकी पोकळ नाही. "आम्ही वर्षभर शिकवायचं, आणि तो आखातात किंवा शेजारच्या कंपनीत दोन हजार जास्तीवर जाणार," ही तक्रार मी मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकली आहे की ती नुसती सबब म्हणून उडवून लावता येत नाही. छोट्या कारखान्याचं तर खरंच मोडतं. पण हा हिशेब एका गेटच्या आतला आहे. रबाळ्याच्या कारखान्यात आज जो चांगला फिटर आहे, तो कुठल्या तरी दुसऱ्याच कारखान्यात तयार झालेला असतो. तेव्हा त्या मालकाचंही असंच नुकसान झालं होतं आणि फायदा तुमचा झाला. शिकवण्याचा खर्च एकानं करायचा आणि पीक सगळ्यांनी काढायचं, अशी स्थिती असेल तर खर्च सगळ्यांत वाटून घेण्याची सोय करायला हवी, की कुणीच पेरू नये? सरकार आज पदवीधर-डिप्लोमा अप्रेंटिसच्या किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा उचलतं, तो याच कारणासाठी. मात्र शॉपफ्लोअरवर पोराला हाताशी धरणाऱ्याच्या वेळेसाठी त्यातला रुपयाही नाही.

इथे जुन्या काळाचे भक्त पुढे येतात. "पूर्वी कसं, वस्तादाच्या हाताखाली पोरगं टाकलं की तयार होऊन बाहेर पडायचं. करार नको, कोड नको." या गोडव्यांवर माझा विश्वास नाही, आणि मुंबईत राहणाऱ्या कुणाचाही असू नये. गिरणीत पोरगं चिकटवायचा तो जॉबर. तो नात्यातलं, गावातलं, जातीतलं माणूस आणायचा आणि वर दस्तुरी, म्हणजे लाच, घ्यायचा. कोण काय शिकणार हे त्याच्या हातात. कापड खात्यात, म्हणजे मागावर, पगार चांगला होता. पण धोट्यात सूत ओवताना ते तोंडानं ओढावं लागायचं, म्हणून विटाळ होईल असं सांगून दलित कामगारांना त्या खात्याबाहेर ठेवलं जात होतं. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठणकावून मांडला. कोणाला शिकवायचं हे वस्तादाच्या मर्जीवर सोडलं की काय होतं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला हवा? १९६१ च्या कायद्यानं लेखी करार, नोंदणी आणि मुदत आणली, १९७३ च्या दुरुस्तीनं पदवी-डिप्लोमाच्या इंजिनिअरांनाही त्यात घेतलं, हे मोठं काम झालं. अनोळखी गावातला, कुणाचाही भाचा नसलेला पोरगा आज सायनच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाच्या यादीतून थेट मोठ्या कारखान्याच्या गेटवर उभा राहू शकतो. ते सोडून मागे जायचं नाही.

घराण्यातलं ज्ञान चांगलं असलं तरी पुरत नाही, हेही याच शहरानं पाहिलं आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. पुढच्या पिढ्यांनी बापाच्या हाताखाली शिकून सागवानी जहाजं अशी बांधली, की १८१७ मध्ये इथे बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या धक्क्याला पाण्यावर उभं आहे. पण वाफ आली तेव्हा घरात शिकलेलं अपुरं पडलं. १८३८ मध्ये त्याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण इंग्लंडला चॅटमच्या गोदीत शिकायला गेले. वर्षानुवर्षं नाव कमावलेल्या घरानं पुन्हा शिकाऊ होण्यात कमीपणा मानला नाही, हे मला त्या जहाजाइतकंच मोठं वाटतं.

वाफेच्या जागी आज सेन्सर आहेत. बेअरिंगच्या हाउसिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावणारे मामा कशाला हवेत, व्हायब्रेशनचा सेन्सर तेच कितीतरी आधी सांगतो, असा आक्षेप तरुण इंजिनिअर घेतात. यातला सेन्सरचा भाग खरा आहे. बेअरिंगमधला दोष कानाला कळायच्या खूप आधी सेन्सरला कळतो, आणि ज्या फिटरनं हे मान्य करायचं नाकारलं तो मागे पडला. पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, बाबतीत तर अप्रेंटिसनंच मामांना शिकवावं अशी स्थिती आहे, आणि चांगल्या खात्यात तसं होतंही. पण सेन्सर एवढंच सांगतो की काहीतरी बिनसतंय. पंप आत्ता थांबवायचा की रविवारपर्यंत ओढायचा, थांबवला तर लाइन कुठे तोडायची, आत अडकलेलं प्रेशर कुठून सोडायचं, हे कुणी ठरवायचं? आणि चुकलं तर किंमत कोण मोजतं?

६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर १६७ माणसं मेली. एक पंप दुरुस्तीसाठी बंद होता, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता आणि त्या जागी नुसती झाकणपट्टी बसवली होती. शिफ्ट बदलली, निरोप पोचला नाही. रात्री दुसरा पंप बंद पडल्यावर लोकांनी हा पंप चालू केला. परमिटची, म्हणजे कामाआधी लेखी परवानगी घेण्याची, पद्धत तिथे होती, कागद होते. नव्हती ती सवय: जाणाऱ्या शिफ्टनं येणाऱ्याला मशीनजवळ नेऊन दाखवायची. ही सवय अप्रेंटिसला लागते कुठून? आपल्याकडे पहिल्या दिवशी सेफ्टीचा व्हिडिओ दाखवून सही घेतात. त्यानं त्याला एवढंच कळतं की सही महत्त्वाची आहे. याउलट मामांची रीत अशी: ब्रेकरला कुलूप लावायचं, किल्ली पोराच्याच खिशात घालायची, मग त्यालाच मशीनपाशी नेऊन स्टार्टचं बटण दाबायला लावायचं. "दाब. चालू झालं नाही ना? आता हात घाल." बटण दाबून बघायची ही पायरी घाईत सगळ्यात आधी गळते. पोराच्या हातून दहादा करून घेतलेली असली तर अकराव्यांदा, मामा नसतानाही, त्याचा हात आपोआप बटणाकडे जातो. डोंबिवलीनं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कारखान्यांतले भीषण स्फोट पाहिले. त्यांची कारणं चौकशीवाले सांगतील. ज्या शहराच्या वस्त्या कारखान्यांच्या भिंतीला भिंत लावून वाढल्या, तिथे हात घालायच्या आधी बटण दाबून बघणारी पोरं तयार होतात की नाही हा प्रश्न सगळ्या शहराचा आहे, एवढंच माझं म्हणणं.

आता शहराचाच विषय निघाला आहे तर, मुंबईत कारखाने उरलेत कुठे, हा एक टोमणा हमखास येतो. परळच्या गिरण्या मॉल झाल्या हे खरं. पण त्या मॉलच्या गच्चीवर चिलर आहेत, तळघरात फायर पंप आहेत, आत सरकते जिने आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर पावसाचं पाणी समुद्रात फेकायला हाजी अली, इर्ला अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. त्यांचे अजस्र पंप भर पावसात आणि भरतीच्या वेळी चालले नाहीत तर ती बांधून उपयोग काय? हे शहर आता वस्तू बनवतं त्यापेक्षा कितीतरी जास्त यंत्रं सांभाळतं. आणि ती सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी ठेकेदाराच्या हजेरीवर असतो. टेंडर बदललं की गणवेश बदलतो, कधी माणूसच बदलतो. पुढच्या मार्चमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं दुसऱ्याच्या पोराला का शिकवावं?

सरकारी नजरेलाही हा शिकवणारा माणूस दिसत नाही, याला फार जुनी परंपरा आहे. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा पहिला कायदा १८५० चा. तो होता अनाथ आणि गरीब मुलांना दहाव्या वर्षानंतर कारागिराकडे बांधून देण्यासाठी. किरकोळ चोरीत सापडलेल्या पोरालाही मॅजिस्ट्रेट असं बांधून देऊ शकत होता. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा निघाली ती याच विचारातून. मोकळं पोर म्हणजे उपद्रव, त्याला कुठेतरी गुंतवा. आजच्या योजनांच्या जाहिराती वाचताना मला तोच वास येतो: किती लाख तरुण 'गुंतवले' याचे आकडे असतात, त्यांतल्या कितींना वर्षाअखेरीस बेअरिंग बदलता येतं याचा आकडा कधीच नसतो.

याच्या उलट टोकाला जर्मनी. तिथली उमेदवारी तीन-साडेतीन वर्षांची, आणि तिचं कौतुक करणारे नेहमी कारखाना आणि शाळा यांच्या जोडीबद्दल बोलतात. मला महत्त्वाची वाटते ती वेगळी अट. तिथे कारखान्यात शिकाऊंची जबाबदारी घेणाऱ्याला शिकवता येतं याची परीक्षा द्यावी लागते, १९७२ पासून. जास्त कंपन्यांनी शिकाऊ घ्यावेत म्हणून २००३ मध्ये ही अट बाजूला ठेवली होती. २००९ मध्ये परत आणली. जर्मनी म्हणजे जर्मनी, आपल्याकडे कसं जमणार, असं कुणी म्हणेल. पण आपल्याही कायद्यात पात्र माणूस नेमा, पुरेसे शिकवणारे द्या, असं मालकाला बजावलेलं आहेच. प्रत्यक्षात पात्र माणसाच्या रकान्यात ट्रेनिंग विभागाच्या अधिकाऱ्याचं नाव पडतं, जो पोराला महिन्यातून एकदा, रोजच्या नोंदींच्या वहीवर सही करायला भेटतो. त्या वह्या मी तपासल्या आहेत. मागच्या बॅचच्या वहीवरून उतरवलेल्या ओळखू येतात, कारण खात्यातून काढून टाकलेल्या मशीनचंही ग्रीसिंग त्यांत दर गुरुवारी चालू असतं.

तेव्हा मागणी करायचीच तर ती इथे करावी. करारात पोराचं आणि कंपनीचं नाव असतं तसं, ज्याच्या हाताखाली तो काम करणार त्या फिटरचं किंवा टेक्निशियनचं नाव असावं, त्याच्या सहीसकट. एका माणसाकडे दोनापेक्षा जास्त पोरं देऊ नयेत. त्याला दरमहा भत्ता मिळावा, आणि सरकार विद्यावेतनात जसा वाटा उचलतं तसा त्यातही उचलावा. वर्क ऑर्डरमध्ये शिकवण्याच्या तासांना कोड द्यावा, म्हणजे पंप उशिरा दिला तर का उशीर झाला ते लिहिता येईल. शेवटची परीक्षा लेखी नको. दुसऱ्या कारखान्यातला जुना फिटर बोलवावा आणि त्याच्यासमोर पोरानं एक पंप उतरवून, बसवून, अलाइन करून दाखवावा. यात खर्च आहे, कबूल. पण चुकीच्या अलाइनमेंटनं महिन्याभरात सील आणि बेअरिंग जातं, त्याचा खर्च कुठल्या योजनेच्या खात्यात धरतात?

सर्वात खरा आक्षेप मालक घेत नाहीत आणि पुढारीही घेत नाहीत. तो फिटर घेतात, तोही हळू आवाजात. "सगळं शिकवलं तर उद्या मला कशाला ठेवतील?" हातचं राखून ठेवणाऱ्या म्हाताऱ्या फिटरला आपण कोता म्हणतो, पण १९८२ च्या संपानंतर ज्याच्या घरानं गिरणी बंद पडलेली पाहिली, ज्याच्या डोळ्यांदेखत कायमच्या जागा ठेक्यात गेल्या, त्यानं आपलं कसब हीच आपली विमा पॉलिसी मानली तर त्याला दोष कसा द्यायचा? त्याचं हे भय भाषणानं जाणार नाही. आज चांगला फिटर निवृत्त झाला की कंपनी त्याला परत बोलावतेच, पण शटडाऊनला, ठेकेदाराच्या मस्टरवर, रोजावर, आणि बारा तास उभं करून. त्याऐवजी निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्याला शिकवणारा म्हणून, कंपनीच्याच हजेरीवर, पगार देऊन, बसून काम करता येईल असं ठेवावं, आणि हे त्याला पन्नाशीतच लेखी सांगावं. मग तो काय शिकवतो आणि काय राखून ठेवतो, ते बघता येईल.